बी ब्लॉकचे सात पॉइंट सात टक्के

मला हल्ली टक्क्यांची भीती वाटते, आणि माझं तर पोटच टक्क्यांवर चालतं. नोएडातल्या एका छोट्या ऑफिसात मी सर्वेक्षणांचे तक्ते बनवते. कुठल्या वस्तीत पाच वर्षांखालची मुलं किती टक्के, साठीच्या पुढचे किती टक्के, असलं सगळं. गणित सातवीतलं आहे. त्या वयोगटातली माणसं वर, एकूण माणसं खाली, भागा आणि शंभरनं गुणा. तरी लोक चुकतात आणि बहुतेक वेळा खालच्या आकड्यात चुकतात. वरच्या आकड्यावर सगळ्यांचा डोळा असतो, छेदाकडे कुणी ढुंकून बघत नाही. ऑफिसात नवीन आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी बजावते की आधी एकूण माणसं नीट मोजा, मग बाकीच्या गमजा करा. हे सांगताना माझा आवाज चढतो असं नवरा म्हणतो. चढत असेल.

आम्ही दिल्लीत मयूर विहारला एका सहकारी सोसायटीत राहतो. बी ब्लॉक, सातवा मजला. नवरा गुरुग्रामला नोकरीला, मुलगी आठवीत. आणि आई. माझी आई, सासू नव्हे. बाबा गेल्यावर ती कराडहून दोन महिने हवापालट म्हणून आली, त्याला आता तीन वर्षं होत आली. पण तिच्या लेखी तिचं घर कराडला, माझ्या भावाचं. रेशनकार्डावर नाव तिथं, आधारवर पत्ता तिथला. आई लेकीकडे राहत नसते, चार दिवस येते आणि जाते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तिला मी कपाटातला कप्पा रिकामा करून दिला होता, तो तिनं वापरला नाही. साड्या बॅगेत, बॅग पलंगाखाली. कुणी भेटलं की म्हणायची, "आता दिवाळी झाली की निघाले." मीही फोनवर सगळ्यांना "सध्या आई आलीय" असंच सांगत असे, आणि तीन वर्षांत त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात जवळच्याच एका सोसायटीत आग लागली. कुणी दगावलं नाही, पण आमच्या कमिटीची झोप उडाली. सेक्रेटरी म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, फाइल बगलेत धरल्याशिवाय जिनासुद्धा उतरत नाहीत. ते एका रविवारी घरी आले. "मॅडम, आप तो यही काम करती हैं. हर ब्लॉक का उम्र के हिसाब से परसेंटेज निकाल दीजिए."

योजना साधी होती. लिफ्ट बंद पडली तर म्हाताऱ्या माणसांना उतरवायला खास खुर्च्या मिळतात, पट्ट्यांनी बांधून जिन्यावरून घसरवत नेता येतील अशा. चार ब्लॉक आणि खुर्च्या मिळणार होत्या सहा. म्हणून नियम ठरला की ज्या ब्लॉकमध्ये ऐंशी आणि त्यापुढची माणसं आठ टक्के किंवा जास्त, त्या ब्लॉकला दोन खुर्च्या आणि उतरवणाऱ्यांच्या दोन टोळ्या, बाकीच्यांना एकेक. शिवाय माझ्याच तक्त्यावरून ऐंशीच्या वरच्यांची नावनिशीवार यादी करायची. लिफ्ट बंद झाली की टोळीनं ती यादी घेऊन मजल्यामजल्यावर जायचं आणि नाव पुकारून एकेकाला खाली आणायचं.

मी फॉर्म तयार केला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, "स्थायी निवासी". पाहुणेरावळे घुसडून लोक आकडा फुगवतील ही मला शंका, म्हणून. मग ती वयं गोळा करायची गंमत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "साठ के आसपास लिख दो," आणि आतल्या खोलीतून त्यांचे यजमान ओरडले, "आसपास मतलब आगे." पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा पंच्याऐंशीला हटून बसले. आधार पाहिलं तर अठ्ठ्याहत्तर. त्यांना खुर्चीत बसून उतरायची हौस होती. निम्म्या ब्लॉकची वयं साठ, पासष्ट किंवा सत्तरच, मधली वर्षं कुणाला लागूच झाली नव्हती. मी प्रत्येकाकडे जन्मतारखेचा कागद मागितला. ब्लॉकमध्ये माझं नाव त्या आठवड्यात काय पडलं असेल, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप घेऊन बसायची आणि आई समोर बसून फॉर्म वाचून दाखवायची. तिचा चष्मा नवा होता आणि हिंदी वाचायचा तिला कंटाळा नव्हता. "चारशे दोन. माणसं पाच. एक ब्याऐंशी वर्षांच्या आहेत गं, माझ्याच वयाच्या." मी टाइप करायची. आमचा स्वतःचा फॉर्म मी गॅसवर दूध असताना उभ्याउभ्याच भरला होता. नवरा, मी, मुलगी. तीन माणसं. आईनं तोही वाचला. "सातशे तीन. माणसं तीन," म्हणाली आणि पुढचा कागद घेतला. मीही तीन लिहिलं आणि पुढं गेले.

बी ब्लॉकची माणसं भरली एकशे बेचाळीस. ऐंशी आणि पुढची अकरा. सात पॉइंट सात टक्के.

सेक्रेटरी फाइल घेऊन आले. आधी त्यांनी सगळ्या गटांची बेरीज केली. ती आली नव्व्याण्णव पॉइंट नऊ. "मॅडम, बाकी का पॉइंट एक कौन है?" त्यांनी चेष्टेत विचारलं. मी त्यांना दशांशांची काटछाट कशी होते ते ऐकवलं, लहान मुलाला सांगावं तसं. मग ते म्हणाले, "सात पॉइंट सात को आठ ही मान लेते हैं ना. हमारे ब्लॉक को भी दो चेयर मिल जाएँगी." ते स्वतः बी ब्लॉकचेच. मला राग आला. मी म्हटलं, "आठ म्हणजे आठ. आज इथे ओढाल, उद्या सी ब्लॉकवाले त्यांचा ओढतील." मी हे हिंदीत आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. ते नुसते हसले. बी ब्लॉकला एक खुर्ची मिळाली. रात्री जेवताना मी हा किस्सा फुशारकीनं सांगितला आणि आईही हसली.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळचे साडेअकरा वाजले असतील, मी ऑफिसात होते. ब्लॉकच्या ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले. तळमजल्यावर जिन्याशेजारी मीटरची खोली आहे, तिथं आग लागली होती. लिफ्ट बंद, वीज बंद, धूर जिन्यातून वर चाललाय. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. योजना आहे, यादी आहे, आपण केलीय. घरी फोन लावला. आईच्या फोनची रिंग वाजत राहिली. ती फोन नेहमी कुठंतरी ठेवून विसरते, म्हणून मी लगेच काळजीत पडले नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला, "बी ब्लॉक. सभी 80+ सुरक्षित नीचे. 11 में से 11. 100%." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

अकरा. मी मनातल्या मनात नावं म्हणायला लागले. यादी मला पाठ होती. चारशे दोनमधल्या आजी, आमच्याच मजल्यावरचं ते नवराबायकोचं जोडपं, आठव्या मजल्यावरचे मास्तर. अकरावं नाव संपलं. आई त्यात नव्हती. आई मी कशातच लिहिलेली नव्हती.

सेक्रेटरींना फोन केला. मागे आरडाओरडा ऐकू येत होता. "मॅडम, चिंता मत कीजिए, सब नीचे आ गए."

"मेरी माँ ऊपर हैं."

"आपके फ्लैट में तो तीन ही लोग हैं. बच्ची स्कूल में होगी."

"चौथी आहे," मी म्हटलं. हिंदी सुचेना. "माँ हैं मेरी. सातवें पे. अकेली हैं."

ते म्हणाले, "लेकिन लिस्ट तो आपने ही..." आणि तिथंच थांबून म्हणाले, "फायर वालों को बोलता हूँ."

कॅब येईना. मी सेक्टर सोळाच्या मेट्रो स्टेशनापर्यंत पळत गेले. सुरक्षा तपासणीला बायकांची रांग होती, मी सगळ्यांना ढकलून पुढं घुसले. कुणी काही बोललं नाही, माझा चेहराच तसा झाला असणार. तिथली पोलीसबाई म्हणाली, "क्या हुआ, दीदी?" आणि उत्तराची वाट न बघता मला सोडलं.

चार स्टेशनं. मी दाराजवळच्या खांबाला धरून उभी होते आणि माझं डोकं माझ्या ताब्यात नव्हतं. ते हिशेब करत होतं. एकशे त्रेचाळीसात एक म्हणजे शून्य पॉइंट सात टक्के. ऑफिसात एवढा फरक आला तर मी वर मान करूनही बघत नाही. एखाद्या माणसानं काय होतंय, असं मी स्वतः म्हटलेलं आहे, हसत हसत म्हटलेलं आहे. आणि बारा भागिले एकशे त्रेचाळीस म्हणजे आठच्या वर. आठ पॉइंट चार. आईला लिहिलं असतं तर सेक्रेटरींना विनवावं लागलं नसतं, दुसरी खुर्ची हक्कानं आली असती. मी हा भागाकार पुन्हा पुन्हा करत होते. तो थांबला तर त्याच्या मागे जे होतं ते दिसेल या भीतीनं करत होते. धुरात बसलेली आई. तिला दमा नाही, पण गुडघे गेलेत. सात मजले ती एकटी उतरू शकत नाही. समोरच्या घराला कुलूप, ते लोक उन्हाळ्यासाठी पहाडात गेलेले. न्यू अशोक नगरला गाडी नेहमीपेक्षा जास्त थांबली असं मला वाटलं आणि मी दारावर थाप मारली. फोन लावला. आता रिंगही जात नव्हती.

इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. बाळंतपणात नाही, बाबांच्या वेळीही नाही. बाबांच्या वेळी जे व्हायचं ते देवाच्या नाहीतर डॉक्टरच्या हातात होतं. हे मी माझ्या हातानं केलं होतं.

गेटपाशी आगीचे दोन बंब उभे होते. बागेत झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यावर म्हातारी माणसं बसली होती, कुणाच्या हातात पाण्याचा ग्लास, कुणाच्या तोंडाला ओला रुमाल. मी त्यांना मोजलं. सवयच ती. अकरा. पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. आमचा जिना खालपासून काळा पडला होता. मी आत शिरायला गेले तर दोघांनी मला धरलं. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ टोळीत होते. घामानं निथळत, पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. मी मागे उभी आहे याची त्यांना कल्पना नव्हती. ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते, "एक ही चेयर थी भाई. ग्यारह लोग. आख़िरी वाले को लाए तब तक साँस लेना मुश्किल हो गया था. दूसरी होती तो एक बार ऊपर सब दरवाज़े देख आते." मी ते सगळं ऐकलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं असतील. मग जिन्यातून बंबवाले दोघं आले आणि त्यांच्या मधे आई. चालत. डोक्यावरून ओला टॉवेल घेतलेला, नाकाखाली काजळी, एका पायात चप्पल. मला पाहून ती खोकत खोकत म्हणाली, "तू कशाला आलीस गं ऑफिस सोडून?" मी तिचे हात धरले. ॲम्ब्युलन्समध्ये तिला ऑक्सिजन लावला, मग दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, दाराच्या फटीत तिनं ओल्या चादरी कोंबल्या म्हणून वाचली. मी मान हलवत राहिले. बरं वाटायला हवं होतं. पण झोपेतसुद्धा ती खोकली की मी उठून बसत होते.

तीन दिवसांनी वीज आली आणि सेक्रेटरींनी नवा तक्ता मागितला. मला ते एक शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं. दुपारची वेळ होती, मुलगी अजून शाळेतून यायची होती. मी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि आई समोर नेहमीच्या जागी शेंगा सोलत बसली.

"आई, तुझी जन्मतारीख सांग."

"शाळेत मास्तरांनी एक जून लावलीय. खरी कुणाला ठाऊक. कशाला हवी?"

"यादीत घालायचीय."

"अगं, राहू दे की. दिवाळी झाली की मी निघणार."

तीन दिवस जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. "त्या दिवशी टोळीतली माणसं आपल्या मजल्यावर आली होती. तुला कळलं नाही?"

"कळलं की. शेजारच्या दोघांची नावं घेतली, त्यांना धरून नेलं. मी दाराच्या आतच उभी होते. आपल्या घरातलं नाव काही पुकारलं नाही."

"मग दार उघडून हाक मारायची. एक हाक मारली असती तर नेलं असतं तुला."

"त्यांच्याकडे यादी होती ना. आणि यादी तू केलेली." ती शेंगा सोलतच होती. "नाव नाही म्हणजे नाही. मधेच कशी घुसू?"

"पण यादी करताना तूच मला वाचून दाखवत होतीस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आपला फॉर्म तू वाचलास. तीन माणसं, असं तूच म्हणालीस. तेव्हाच का नाही बोललीस की माझं नाव राहिलं?"

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या अवघडल्या माणसाला सोपं करून सांगावं तसं ती म्हणाली, "मला कुठं वाटलं राहिलं म्हणून? एवढी तू बारकाईनं सगळं करतेस. म्हटलं, विचार करूनच मला सोडलं असशील."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती शोधूनही सापडली नाही. बाहेर नावं पुकारली जात होती, जिन्यात धूर भरत होता, आणि ती दाराआड उभी राहून समजून चालली होती की लेकीनं नीट विचार करून आपल्याला यात धरलेलं नाही. आणि तेही तिनं मान्य केलं होतं. मेट्रोत मी घाबरले होते, पण ही भीती त्याहून खोल होती आणि ती अजून गेलेली नाही.

मी तिचं नाव लिहायला घेतलं. दोनदा चुकलं.